मातृछायेशी आमचे संबंध

५ जानेवारी, रविवार

आज ऐश्वर्या गार्डन्सच्या सर्वसाधारण सभेत शेजार-संबंध समितीचा अध्यक्ष म्हणून माझी एकमताने निवड झाली. एकमताने म्हणजे विरोधात कोणी हात वर केला नाही. बाजूनेही कोणी केला नाही, कारण तेवढ्यात वडापाव आले. पण निवड ती निवड. समितीचे दुसरे सभासद केदार, बी टॉवर, आयटी. ते सभेला ऑनलाइन होते आणि त्यांचा माइक बंद होता.

उभा जन्म पेठेतल्या कॉलेजात 'भारत आणि शेजारी राष्ट्रे' शिकवण्यात गेला. मी नेपाळवर बोलायचो आणि मागच्या बाकावरची पोरं पोहे खायची. परराष्ट्र खात्याची परीक्षा दोनदा दिली होती, ते जाऊ दे. आता सत्तरी गाठल्यावर, वाघोलीत का होईना, प्रत्यक्ष काम करायची संधी आली आहे.

भूगोल एकदा नोंदवून ठेवतो. आपण म्हणजे चौदा टॉवर, पोहण्याचा तलाव, क्लबहाउस. पूर्वेला भिंतीला लागून मातृछाया. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, एक लिफ्ट, तीही चौघांची, चौघं बारीक असतील तर. मातृछायेच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे रिव्हेरा नावाची टाउनशिप. ती आपल्यापेक्षा दोन टॉवरांनी मोठी आहे, पण हे आपल्याकडे कोणी सभेत बोलत नाही. मातृछायेला स्वतःचा रस्ता आहे, म्हणजे खड्ड्यांची एक रांग आहे, आणि ती लांबून फिरून नगर रस्त्याला लागते. म्हणून ती माणसं आपल्या भिंतीतल्या छोट्या लोखंडी फाटकातून येतात-जातात. दूध, भाजी, औषधं, सगळं आपल्या हद्दीतून. आपण कधी अडवलं नाही. मोठ्याने मोठ्यासारखं वागावं.

मातृछायेत दुसऱ्या मजल्यावर माझी मुलगी नीरजा राहते. ती त्यांची सेक्रेटरी. जावई शुभंकर. त्याचे आईवडील गोदाबाई आणि नागोराव मूळचे वाशीमकडचे. नागोराव, म्हणजे माझे व्याही, हेच त्या इमारतीचे चेअरमन. आणि ओवी, माझी नात, वय सहा. शाळेतून आली की घरी दप्तर टाकते आणि तीन वाजता फाटकातून धावत माझ्याकडे येते. सहापर्यंत असते. आमची ही गेल्यावर पेठेतलं घर विकून मी इथे आलो ते या तीन तासांसाठी. याचा धोरणाशी काही संबंध नाही.

८ जानेवारी

पहिलं पाऊल सदिच्छेचं. क्लबहाउसमधली जुनी ट्रेडमिल मातृछायेला भेट दिली. परतफेडीची अपेक्षा नाही. मोठ्याने द्यावं, घेऊ नये, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं.

नागोरावांचा फोन आला. "सर, हे आमी मांगतलं होतं काय?"

"मागायची वेळच येऊ नये, यालाच मैत्री म्हणतात," मी म्हणालो.

"ते झालं जी. पण ठेवाचं कुठं?"

ट्रेडमिल लिफ्टमध्ये मावली नाही आणि जिन्यात वळली नाही. शेवटी आपल्या माणसांनी ती त्यांच्या पार्किंगमध्ये ठेवली, नागोरावांची स्कूटर असते तिथे. ती चालू होत नाही हे मला मागाहून कळलं. गोदाबाई तिच्यावर गोधड्या वाळत घालतात असं ओवी म्हणाली. वापर होतोय, हे महत्त्वाचं.

गोदाबाईंनी ओवीबरोबर जवसाच्या चटणीचा डबा पाठवला होता. मी तो तसाच परत धाडला.

"आजोबा, तुम्हाला चटणी आवडत नाही?" ओवीने विचारलं.

"खूप आवडते."

"मग?"

"आपण मोठे. मोठ्यांनी घ्यायचं नसतं."

तिने स्वतःच्या खिशातली अर्धी चिक्की माझ्यापुढे धरली होती, ती गपचूप पुन्हा खिशात घातली. अजून हे समजायचं तिचं वय नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

क्लबहाउसमध्ये दुपारी शिखर परिषद झाली. मातृछायेकडून नागोराव, नीरजा आणि तळमजल्यावरचे उत्तरेश्वर नावाचे गृहस्थ. आपल्याकडून मी, आणि लॅपटॉपवर केदार. एकच गोची झाली. मोठ्या खुर्च्या झुंबाच्या वर्गाने गच्चीवर नेल्या होत्या. उरल्या त्या मुलांच्या वाढदिवसाच्या, लाल-पिवळ्या, बुटक्या. पाहुणे त्यांवर बसले. गुडघे छातीशी आले त्यांचे. यजमान म्हणून माझ्यासाठी व्यवस्थापकाने ऑफिसातली फिरती खुर्ची आणून ठेवली होती. मी उठून उभा राहणार होतो, पण अध्यक्षांनी उभं राहणं बरं दिसत नाही.

तिळगूळ दिला. आपल्या सोसायटीचं नवं कॅलेंडर भेट दिलं. त्याच्या शेवटच्या पानावर परिसराचा नकाशा आहे. नागोराव तो चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले.

"सर, हा फिक्कट हिरवा म्हंजे आमीच काय?"

"आपलं कुटुंब, या अर्थाने."

"अन् गडद हिरवा?"

"आम्ही."

"मंग जांभळाचं झाड तुमच्या रंगात कसं आलं? ते तं आमच्या पार्किंगमधी हाय."

"नकाशा केवळ सूचक आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी वर्गात हजारदा उच्चारलं असेल, पण समोर झाडाचा मालक कधी बसलेला नव्हता.

नीरजा मुद्द्यावर आली. "बाबा, आमची एकच मागणी आहे. पाण्याचा टँकर आमच्या रस्त्याने येऊ शकत नाही, खड्ड्यात फसतो. त्याला तुमच्या रस्त्याने येऊ द्या."

"सहानुभूतीपूर्वक विचार करू."

"म्हणजे नाही."

"म्हणजे विचार."

वातावरण निवावं म्हणून मी मोठी घोषणा केली. यंदा सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला प्रमुख पाहुणे नागोराव. केदारनी लॅपटॉपमधून टाळ्या वाजवल्या, त्यांचा माइक चालू असल्याचं मी प्रथमच पाहिलं. नागोराव बुटक्या खुर्चीतून उठायला लागले तर खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. उत्तरेश्वरांनी ती धरून ओढली. नीरजा हसली नाही. परिषद यशस्वी झाली असं मी इतिवृत्तात लिहिलंय.

२० जानेवारी

आज धक्कादायक बातमी कळली.

माझ्याकडे पोळ्या करायला येतात त्या कांताबाई मातृछायेच्या पलीकडच्या वस्तीत राहतात. त्याही फाटकातूनच येतात. पोळी तव्यावर टाकता टाकता म्हणाल्या, "सर, नाल्यावर पूल होणार म्हनं. रिव्हेरावाले बांधून देनार. मातृछायेला पानीबी तेच देनार, पायपानं."

मी ताटावरून उठलो आणि नीरजाला फोन लावला.

"रिव्हेरा कशासाठी देतंय हे तुम्हाला कळत नाही का? पुलाबरोबर त्यांचा प्रभाव येतो."

"पुलाबरोबर पाणी येतंय, बाबा."

"माझ्याकडे यायचं होतंस."

"आले होते. लाल खुर्चीवर बसले होते."

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला पुलाची भीती वाटत नाही. रिव्हेरात मुलांसाठी छोटी आगगाडी आहे, वाचनालय आहे, ससे आहेत. माझ्याकडे मारी बिस्किटं आणि नकाशे. ओवीने काय निवडावं हे मला तिच्या जागी असतो तर कळलं असतं. म्हणून आता ठाम पावलं उचलायची.

२२ जानेवारी

समितीने ठराव केला. फाटक अनिश्चित काळ बंद. केदारना विचारलं, ते काही बोलले नाहीत, म्हणजे संमती. किल्ली त्यांच्याकडे ठेवली, म्हणजे माझं मन मध्येच विरघळायला नको.

ही नाकेबंदी नाही. पाटीवर स्वच्छ लिहिलंय: 'फाटक दुरुस्तीसाठी बंद आहे. कारण विचारू नये.' आणि खोटं बोलायचं नाही म्हणून वॉचमनकडून बिजागऱ्यांना तेल घालून घेतलं. दोन दिवस वळसा घालावा लागला की मातृछाया आपणहून शहाणी होईल.

तीनला मी ओवीची चित्रकलेची वही काढून ठेवली, दूध गरम केलं. सव्वातीन झाले. साडेतीन झाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ओवीही त्याच फाटकातून येते. धोरण आखताना हे सुचायला हवं होतं. इतक्या बारीक गोष्टी मोठ्या निर्णयात निसटतात.

नीरजाचा फोन आला. "फाटकाला कुलूप तुम्ही लावलंत?"

"समितीने."

"समितीत कोण आहे?"

"मी आणि केदार."

"मग केदारनी लावलं का?"

"त्यांचा माइक बंद होता."

ती मग म्हणाली, "ओवी फाटकाशी उभी राहून हाका मारत होती, बाबा. तिला वाटलं तुम्ही आत अडकलाय."

"तिला मुख्य दाराने पाठव ना."

"नगर रस्त्यावरून? सहा वर्षांच्या पोरीला?"

एकट्या ओवीपुरता अपवाद करता येईल का, याचा दुपारभर विचार केला. पण एकदा अपवाद केला की धोरणात काय राहिलं? दूध मीच प्यायलो. सायीसकट.

२६ जानेवारी, रविवार

आजचा दिवस कसा लिहावा कळत नाही.

सकाळी साडेसातला झेंड्यापाशी सगळे जमले. प्रमुख पाहुण्यांची खुर्ची रिकामी. वॉचमन धावत आला. "साहेब, पाहुणे फाटकाच्या तिकडं उभे हायत. इस्त्रीचे कपडे, गांधी टोपी. उघडा म्हणतात."

"मग उघड."

"किल्ली केदार साहेबांकडे."

केदार नाशिकला, मावसभावाच्या लग्नात. फोन उचलला, पण मागे बँड वाजत होता. ते "हॅपी रिपब्लिक डे, सर" एवढंच ओरडले.

मी भिंतीशी गेलो. "नागोराव, जरा वळसा घालून या. आम्ही थांबतो."

"नाही जी," पलीकडून आवाज आला. "झेंडा काय माझ्या वळशासाठी थांबते? तुमी चालू करा. मी इथूनच करतो."

मग काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला, जमिनीवरून घासत, बराच वेळ. आणि भिंतीच्या वर आधी टोपी आली, मग चष्मा, मग अख्खे नागोराव. ते आपल्या ट्रेडमिलवर चढले होते. त्यांच्या शेजारी उत्तरेश्वर, आणि उत्तरेश्वरांच्या खांद्यावर ओवी, शाळेच्या गणवेशात.

दोरी ओढायचा मान पाहुण्यांचा. ती ओढायला कोणी नाही म्हणून मीच ओढली. राष्ट्रगीत झालं. भिंतीपलीकडे मातृछायेची सगळी बिऱ्हाडं उभी असावीत, कारण त्यांचा आवाज आपल्यापेक्षा मोठा आला. आपले लोक थंडीचे नुसते ओठ हलवत होते.

मी ओवीकडे बघून हात हलवला. तिने हलवला नाही. ती सलाम करत होती आणि राष्ट्रगीतात हलायचं नसतं, हे मीच तिला शिकवलंय. पण राष्ट्रगीत संपल्यावरही तिने हात हलवला नाही. खांद्यावरून उतरली आणि दिसेनाशी झाली.

प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेली शाल मी भिंतीवरून पलीकडे दिली. नागोरावांनी ती घेतली. म्हणाले, "आमी घेतो, सर. घेतल्यानं माणूस लहान होत नाही." मैत्रीचा संकेत म्हणून मी याची नोंद केली. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलेलं नाही.

३० जानेवारी

कांताबाईंनी काम सोडलं. वळसा घालून रोज कोण येणार, म्हणाल्या. पुलाचे लोखंडी गर्डर क्रेनने बसलेत, आणि पलीकडे रिव्हेरात कामाची चार घरं त्यांना मिळाली आहेत. एकट्या कांताबाई नाहीत. आपल्या चौदा टॉवरांतल्या निम्म्या कामवाल्या बायका त्याच वस्तीतल्या. सी टॉवरमध्ये भांडी साचलीत. एका गृहस्थांनी लिफ्टमध्ये मला धरलं. "प्राध्यापक, तुमच्या परराष्ट्र धोरणापायी मी आज ऑफिसला ब्रेड-जॅम घेऊन गेलो."

नाकेबंदी करणाऱ्याचीच उपासमार झाली, असं उदाहरण मला इतिहासात चटकन सापडत नाहीये. शोधतो.

१ फेब्रुवारी

पूल सुरू झाला. दुर्बीण घेऊन गच्चीवर गेलो. पूल कसला, चार माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी लोखंडी वाट. पण झेंडूच्या माळा होत्या, पेढे होते. फीत कोणी कापली? ओवीने. कात्री मोठी होती, म्हणून नीरजाने मागून धरली होती. रिव्हेराचे चेअरमन वाकून ओवीशी काहीतरी बोलले. ती हसली. मग ती पुलावरून पळत गेली, परत आली, पुन्हा पळत गेली.

सोमवारपासून दुपारी तिची सोय पलीकडच्या पाळणाघरात, असं शुभंकरचा मेसेज आला. "काळजी नसावी" असंही लिहिलंय. पोरगा सभ्य आहे. मला तो मेसेज वाचून रडू आलं. दुर्बीण गळ्यात तशीच होती.

२ फेब्रुवारी, रविवार

तातडीची सर्वसाधारण सभा. वडापाव नव्हते, आणायला गेलं कोणी नाही. फाटक उघडण्याचा ठराव खरोखरीच्या एकमताने. केदारसुद्धा प्रत्यक्ष हजर होते आणि बोलले. "सर, मी आधीपासूनच म्हणत होतो," असं म्हणाले.

अध्यक्षपद मात्र माझ्याकडेच आहे. दुसरं कोणी घ्यायला तयार नाही.

३ फेब्रुवारी

सकाळी नारळ फोडला. केदारनी मोबाइलवर चित्रण केलं. मी कुलूप काढलं आणि फाटक ढकललं. हललं नाही. तेल तर घातलेलं होतं. पुन्हा ढकललं.

"सर," पलीकडून नागोरावांचा आवाज आला, "इकडून कडी हाय."

"कधी बसवली?"

"पुलाचा वेल्डर आला होता, त्याच्याकडनं."

"मग उघडा ना. आम्ही कुलूप काढलंय. अट कसलीही नाही."

"मीटिंग घ्या लागते. आमची सेक्रेटरी हापिसात हाय."

सेक्रेटरी माझीच पोरगी. "पण कारण काय?" मी विचारलं.

"दुरुस्ती," नागोराव म्हणाले.

केदारनी चित्रण थांबवलं. आम्ही तसेच परत आलो. नारळाचं खोबरं वॉचमनने घेतलं.

दुपारभर निवेदनाचे मसुदे केले. 'ऐतिहासिक संबंध लक्षात घेता' असं एक. 'परस्परांच्या सार्वभौमत्वाचा आदर राखून' असं दुसरं. कशावरच ओवीचं नाव कुठे घालायचं ते सुचेना. सगळे फाडले.

५ फेब्रुवारी

आज तीनला एकटाच फाटकाशी गेलो. केदार नाही, नारळ नाही. पाळणाघर बुधवारी बंद असतं असं कांताबाईंकडून कळलं होतं. त्या काल मला नगर रस्त्यावर भाजी घेताना भेटल्या होत्या.

फाटकाच्या खालच्या फटीतून निळे बूट दिसले. खडूने जमिनीवर काहीतरी काढणं चाललं होतं.

"ओवी," मी म्हणालो.

बूट थांबले. "कोण?"

"आजोबा."

"वाशीमचे आजोबा तर वर झोपलेत."

"पुण्याचे."

"हं," ती म्हणाली. एवढंच.

मी घसा साफ केला. "ऐश्वर्या गार्डन्सच्या वतीने मी असं सुचवतो की..."

"आजोबा, तुम्ही सभेत आहात का?"

"नाही."

"मग असं का बोलताय? आई म्हणते, इथून यायचं असेल तर आधी विचारायचं. सगळ्यांनी. दूधवाल्यानी पण विचारलं."

मी उभा राहिलो. विचारायचं कसं ते मला कळेना. आठवून पाहिलं, तर वास्तुशांतीनंतर त्या घरात मी गेलेलोच नाही. तेच यायचे नेहमी. त्यांची लिफ्ट लहान आहे, असं मी सगळ्यांना सांगायचो. दोन मजले चढायला लिफ्ट लागत नाही मला. पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायचो.

"येऊ का मी?" मी विचारलं. आवाज माझा वाटला नाही.

"कशाला?"

सगळं आयुष्य ज्या शब्दांवर काढलं त्यातला एकही तोंडात येईना. म्हणालो, "तुझी आठवण येते गं. करमत नाही मला."

ती म्हणाली, "थांबा. आईला विचारून येते." निळे बूट पळत गेले.

मी थांबलो. बी टॉवरमधल्या दोघी बाजारातून आल्या, मला लोखंडाकडे तोंड करून उभा बघून लांबून गेल्या. वॉचमनने खुर्ची आणली. नको म्हणालो. हातांना काय करावं कळेना म्हणून फाटकाच्या गजाला धरून राहिलो. वाट बघत बसणं किती लांबतं, याचा मला अंदाज नव्हता. नीरजा नाही म्हणेल असंच वाटत होतं.

बूट परत आले, दम लागलेला.

"आई कॉलवर आहे. ती म्हणते आज नको. उद्या चारला या."

"बरं," मी म्हणालो. "उद्या चारला."

"आणि येताना काही आणायचं नाही म्हणाली. नुसते या."

"नुसता कसा येऊ?"

"चालत," ओवी म्हणाली.